पुढच्या खंदकापर्यंत निरोप

लोअर परळच्या आमच्या चाळीत रामदास मर्चंडे आणि मी एकतीस वर्षं शेजारी. त्यांची खोली जिन्याला लागून, माझी तिच्या पुढची. ते परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. मी मराठा लाइट इन्फंट्रीत, सिग्नलला. म्हणजे पाठीवर वायरलेस सेट घेऊन कंपनीबरोबर चालायचं, मागचा निरोप पुढे आणि पुढचा मागे पोचवायचा. वीस वर्षं तेच केलं. हवालदार म्हणून बाहेर पडलो, मग एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झालो, आता घरीच असतो. चाळीत मला हितेंद्र म्हणून कोणी हाक मारत नाही. सगळ्यांचा मी हवालदार.

लढायांचं मला वेड. नोकरीत असताना प्रत्यक्ष लढाई फार थोडी पाहिली, म्हणूनही असेल. मोबाइलवर नकाशे बघायचे, कुठलं सैन्य कुठे सरकलं, कोणी कोणाला कसं फसवलं ते ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी चाळीत सांगायचं. बायको, सुभद्रा, वैतागायची. "दुसऱ्यांची मढी कित्याक मोजीत बसतास?" मी हसण्यावारी न्यायचो.

रामदासभाऊंना दोन मुलं. थोरली अपूर्वा, इथेच एका टॉवरमध्ये विमा कंपनीत कामाला. धाकटा राजरत्न, घरी सगळे त्याला रतन म्हणत. आयटीआय करून तो लिफ्टच्या कामाला लागला होता. गिरण्यांच्या जागी जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या लिफ्टच्या विहिरीत उतरून काम करायचा. मला चिडवायचा, "काका, तुम्ही डोंगर चढलात ते जुनं झालं. मी रोज चाळीस मजले चढतो, तेपण बाहेर काही दिसत नाही असे."

डिसेंबर तेवीसमध्ये तो रशियाला गेला. चाळीत आम्हाला सांगितलं ते असं, की मॉस्कोत गोदामात हेल्परचं काम आहे आणि पुढे तिथे कायमचं राहायचा परवाना मिळेल. कोणा एजंटानं जमवून दिलं होतं. सुंदरावहिनींनी, म्हणजे रामदासभाऊंच्या बायकोनं, बॅगेत सुक्या बोंबलाची चटणी भरली होती. अपूर्वानं ती दोनदा बाहेर काढली, विमानात वास सुटेल म्हणून. वहिनींनी ती तिसऱ्यांदा मोज्यांच्या आत लपवून पाठवली. ती गोष्ट आम्ही सगळे हसत सांगायचो.

मग उजाडला चोवीसचा ऑगस्ट.

रविवारी सकाळी तळमजल्याच्या खोलीत चाळ समितीची बैठक होती, पुनर्विकासाच्या करारावर सह्या करायच्या होत्या. अर्धे लोक आले नव्हते. बसल्या बसल्या कोणीतरी म्हणालं, "हवालदार, रशियात काय राडा झालाय?" मला तेवढंच हवं होतं. समोर कॅरमबोर्ड होता. मी सोंगट्या मांडल्या.

"हे बघा. काळ्या रशियाच्या. सगळ्या इथं, खाली पूर्वेला. इथं ते वर्षभर रेटतायत. पांढऱ्या युक्रेनच्या, मागे मागे हटतायत. सगळं जग म्हणतंय, हे आता संपले. आता ही वरची सरहद्द बघा. इथं काय आहे? काही नाही. लढाई नाही, तोफा नाहीत. मिसरूडसुद्धा न फुटलेली भरतीची पोरं आणि खंदक खणणारे मजूर. रशियाला वाटलं, इथून कोण येणार? आणि मंगळवारी सकाळी," असं म्हणून मी स्ट्रायकर सोडला, "इथूनच आले. त्यांच्या स्वतःच्या शिपायांनासुद्धा शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. गप्प बसणं, हीच अर्धी लढाई असते. एका सकाळीत पारडं फिरवलं."

पोरं वा वा म्हणाली. कोणीतरी टाळी दिली. मी चढलोच होतो.

रामदासभाऊ भिंतीशी खुर्चीत बसले होते. ते अशा गप्पांत कधी पडत नसत. त्यांनी विचारलं, "हवालदार, त्या सरहद्दीवर जे होते, त्यांचं काय झालं असेल?"

"त्यांचं काय होणार? कळायच्या आत खेळ खलास."

"सगळ्यांचाच?"

"मागचे पळतात, हात वर करतात. पुढच्या खंदकातले काही वाचत नाहीत भाऊ. पुढचे असतातच त्यासाठी. ते गेले, की मागच्यांना कळतं हल्ला आलाय म्हणून." आणि मी बोर्डाच्या त्या कडेच्या चार सोंगट्या हातानं भोकात ढकलल्या.

रामदासभाऊ म्हणाले, "बरं." मग उठले. "बैठक घ्या करून. माझी सही घरून न्या."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी अपूर्वा आमच्याकडे आली. चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नाही, पण तिनं आत आल्यावर दार लावून घेतलं. सुभद्रा चहा ठेवत होती, तिनं गॅस बंद केला.

"काका, तुम्हाला नकाशा वाचता येतो ना? एक गाव शोधायचंय."

तिनं मोबाइलवर रशियन अक्षरांत लिहिलेलं नाव दाखवलं. मी विचारलं, हे काय आहे?

"रतन तिथे होता."

मग तिनं सांगितलं. मॉस्कोत गोदाम नव्हतंच. उतरल्यावर चौथ्या दिवशी त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली, कागद रशियन भाषेत. पंधरा दिवस बंदूक शिकवली. मग आघाडीच्या मागे खंदक खणायला, ओंडके वाहायला, जखमी उचलायला लावलं. फेब्रुवारीत त्यानं घरी सांगितलं, तेही अपूर्वाला आणि वडिलांनाच. आईला सांगितलं, सैन्याच्या भटारखान्यात आहे.

"आम्ही कोणाला बोललो नाही," अपूर्वा म्हणाली. "लोक काय म्हणतात माहितीये ना. गेलाच कशाला दुसऱ्याच्या लढाईत? आणि कुठे बोललो नि तिकडे त्याला त्रास दिला तर?"

जुलैमध्ये बातमी आली की तिथे अडकलेल्या भारतीयांना सोडणार. अपूर्वानं अर्ज आधीच केला होता. नाव यादीत आहे, असं उत्तर आलं. कागद होईपर्यंत त्याला आघाडीवरून काढून दुसरीकडे पाठवलं. एका शांत सरहद्दीवर.

तिनं त्याचा शेवटचा व्हॉइस मेसेज ऐकवला. सोमवारचा, पाच तारखेचा. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"पप्पा, इथे मस्त शांत आहे. आपलं गाव कसं असतं, तसं. सफरचंदं झाडाखाली पडून असतात, कोणी उचलतपण नाही. आज चार खाल्ली, पोट बिघडलं. आईला सांगू नका. आपले कागद शुक्रवारी येतील बोलतात. दीपक आहे सोबत, अँटॉप हिलचा. आम्ही सोबतच निघणार. चला, ठेवतो, बॅटरी नाय."

मी गाव शोधलं. सरहद्दीपासून नऊ किलोमीटर. मी दोन-तीन वेगवेगळे नकाशे लावून पाहिले. सगळ्यांत हल्ल्याचा बाण त्या गावावरूनच गेला होता.

मी मोबाइल खाली ठेवला. अपूर्वाच म्हणाली, "पप्पा काल बैठकीतून आले आणि मोरीत जाऊन बसले. बराच वेळ नळ चालू होता. मी विचारलं तर म्हणाले, हवालदारांना विचार. त्यांना सगळं ठाऊक आहे."

सुभद्रा माझ्याकडे बघत होती.  ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

सुंदरावहिनींना सांगणं चार दिवस टळलं. पण दर सोमवारी येणारा त्याचा फोन आला नाही, तेव्हा त्यांनीच विचारायला सुरुवात केली. रामदासभाऊ मला बोलवायला आले. दारात उभे राहून म्हणाले, "तिला कळत नाहीये. मी सांगतो, तिथं लढाई आली. ती म्हणते, तिथं नव्हती ना लढाई? तुम्ही समजावून सांगा."

"मी?"

"तुम्हाला सांगता येतं," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळेच मला मान वर करवेना.

वहिनी पलंगावर बसल्या होत्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती, बाजूला राजरत्नचा आयटीआयचा दाखला फ्रेम करून लावलेला. मी खाली बसलो. रविवारी जे दोन मिनिटांत सांगितलं होतं, त्याला अर्धा तास लागला.

"वहिनी, एक सैन्य हरत होतं. समोरून जाऊन जिंकता येणार नाही हे त्याला कळलं. मग त्यानं अशी जागा शोधली, जिथं कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे जिथं फौज नाही. जिथून कोणी येईल असं कोणाला वाटत नाही."

"जिथं कोणी नाही तिथून आत शिरले म्हणता," वहिनी म्हणाल्या. "माझा रतन तिथं होता की."

त्यांनी दाखल्याच्या फ्रेमकडे पाहिलं.

"त्यांना दिसला नसेल का तो? त्यानं सांगितलं असतं, मी इथला नाय म्हणून. हिंदी बोलला असता. चेहऱ्यावरून कळत नाय काय माणूस कुठला ते?"

"कळतं, वहिनी. पण तेवढा वेळ नसतो."

"का वेळ नसतो?"

"वेळ द्यायचाच नसतो. म्हणूनच असा हल्ला करतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही रडल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे ज्यांनी केलं त्यांचं पण बरोबरच."

मी सैन्यात असताना अधिकाऱ्यांकडून डावपेचांवर व्याख्यानं ऐकली होती. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. वहिनींनी ते मान्य म्हणून म्हटलं नव्हतं, माफ केलं म्हणूनही नाही. कोणावर चिडायचं ते त्या शोधत होत्या, आणि त्यांना कोणी सापडत नव्हतं.

त्यानंतर अपूर्वा आणि मी रोज संध्याकाळी बसू लागलो. पकडलेल्या शिपायांचे व्हिडिओ निघत होते. शेकडो पोरं, जमिनीवर ओळीत बसवलेली, काहींच्या डोळ्यांवर पट्ट्या. आम्ही एकेक चेहरा थांबवून बघायचो. सावळा चेहरा दिसला की अपूर्वा मोठा करायची. एकदा एक मुलगा थेट राजरत्नसारखा मान वाकडी करून बसलेला दिसला. आम्ही तो सात सेकंदांचा तुकडा किती वेळा पाहिला याची गणती नाही. शेवटी दुसरीकडे तोच मुलगा नाव सांगताना सापडला. नेपाळचा होता. अपूर्वा म्हणाली, "त्याच्या घरच्यांना तरी कळलं असेल." मग उठून गेली.

कैदेत असावा, एवढीच आमची आशा होती. आपलं पोर कैद होऊ नये म्हणून लोक देवाला हात जोडतात. आम्ही उलटं मागत होतो.

आणि बाहेर त्या मोहिमेचं कौतुक चाललंच होतं. युद्धाचं वारं फिरलं, आता वाटाघाटी दुसऱ्या तोंडानं होतील, कैद्यांची अदलाबदल सुरू झाली, असं सगळे तज्ज्ञ सांगत होते. ते खोटं नव्हतं. खरंच बरंच काही फिरलं होतं. मीही हेच सांगत बसलो असतो. आता ऐकवेना. चाळीतल्या पोरांनी विचारलं, "हवालदार, पुढे काय?" तर मी म्हणायचो, बघितलं नाही.

डिसेंबरात दीपक परत आल्याचं कळलं. तिथे अडकलेल्यांच्या घरच्यांचा एक ग्रुप होता, त्यातून अपूर्वाला नंबर मिळाला. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत त्याचे वडील राहतात. फोनवर तो बोलायला तयार नव्हता. मग त्याच्या वडिलांचाच फोन आला, "या. पण आईला आणू नका."

रामदासभाऊ आणि मी बसनं गेलो. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.  वाटेत एकदाच म्हणाले, "विचारायचं काय ते तुम्ही विचारा."

दीपक पंचविशीचा. डावा पाय गुडघ्याखाली लोखंडी सळ्यांत अडकवलेला, स्टुलावर ठेवलेला. भाऊंना बघून तो उठायला गेला, त्यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं.

मी विचारलं, त्या दिवशी कुठे होतात?

"गावाच्या मागं शाळा होती. तिथे आम्ही वीसेक जण. राजू पुढं होता." तो राजरत्नला राजू म्हणत होता. "पुढच्या खंदकाचं छप्पर अर्धं राहिलं होतं, ओंडके टाकायचे होते. राजू, अजून दोघं. सोमवारी संध्याकाळीच गेले. सकाळी परत यायचे होते."

"मग?"

"पहाटे आधी ड्रोन आले. मग तोफा. आम्हाला वाटलं नेहमीसारखं असेल, थांबेल. थांबेना. आमचा कमांडर बाहेर आला, सेट हातात होता, त्याच्यावर काहीतरी ऐकलं. काही बोलला नाही. गाडीत बसला नि गेला. सेट घेऊन गेला."

"दुसरा सेट?"

"एकच होता."

"आणि पुढच्यांना?"

तो पायाकडे बघत राहिला.

"पुढच्यांना कोणी सांगितलं?" मी पुन्हा विचारलं. माझा आवाज चढला होता. माझं अख्खं आयुष्य ज्या कामात गेलं, ते त्या सकाळी कोणी केलं नव्हतं. एक निरोप. हटा. एवढाच शब्द.

"कोणी नाय," दीपक म्हणाला. "आम्ही ट्रककडे धावलो. शाळेपासून खंदक तीनशे मीटर असेल. मधे सफरचंदाची बाग. मी बागेच्या कडेला उभा होतो, काका. मला त्यांचा स्टोव्ह दिसत होता. धूर येत होता. त्यांनी चहा ठेवला असेल." त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं. "धावलो असतो तर दोन मिनिटं. मी नाय गेलो. ट्रकमध्ये चढलो. पुढे रस्त्यावर ट्रकवर पडलं, त्यात हा पाय मोडला."

त्याची आई आतल्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

मी सैनिक. अशा वेळी काय बोलायचं ते मला शिकवलेलं होतं. साथीदाराला सोडून येत नाहीत, हे मी स्वतः पोरांना सांगत आलो. पण तो पंचवीस वर्षांचा, गोदामात हेल्पर म्हणून गेलेला, समोर बसला होता. आणि बागेच्या कडेला त्याच्या जागी मी असतो तर गेलो असतो, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं.

रामदासभाऊ स्टुलाजवळ वाकले. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेली. त्यांनी सळ्यांच्या बाजूची कातडी बोटानं हलकेच दाबून पाहिली.

"इथं पाणी येतं का?"

"कधी कधी."

"रंग कसला? पिवळा?"

"हो."

"ड्रेसिंग कोण करतं?"

"आईच."

"तसं नाही चालणार. मी येतो उद्या," भाऊ म्हणाले. आणि खरंच दुसऱ्या दिवशी गेले. महिनाभर एक दिवसाआड जात होते. वहिनींना सांगायचे, हॉस्पिटलातला जुना मित्र आजारी आहे. मी एकदा विचारलं, तुम्हाला जड नाही जात? ते म्हणाले, "तो एकटाच आहे ज्यानं त्याला तिथं बघितलं. ड्रेसिंग करताना बोलतो. रतन तिथं गाणी म्हणायचा, ओंडके मोजायचा, रशियन शिव्या शिकला होता. घरी बसून मला हे कोण सांगणार?"

जानेवारीत रामदासभाऊ आणि वहिनींचं रक्त तपासणीसाठी घेतलं. वहिनींनी विचारलं, हे कशाला? अपूर्वानं सांगितलं, ओळख पटवायला. वहिनी म्हणाल्या, "माणूस असला तर नावानं ओळखतात. रक्तानं कशाला?" आणि बाही वर करून हात पुढे केला. त्या दिवसापासून त्यांनी सोमवारी फोन जवळ घेऊन बसणं सोडलं.

मार्चमध्ये ती सगळी जमीन पुन्हा रशियाकडे गेली. तेही असंच अचानक झालं, ज्या वाटेनं कोणी येणार नाही त्या वाटेनं ते आले. सात महिन्यांपूर्वी जग ज्याला कलाटणी म्हणत होतं, ती रेघ जिथून निघाली होती जवळजवळ तिथेच येऊन थांबली. तिथे मग माती उकरायला सुरुवात झाली. त्या बागेपलीकडच्या खंदकात, अर्ध्या छपराखाली, तिघं सापडले.

अपूर्वाला फोन आला तेव्हा ती ऑफिसात होती. ती घरी न जाता आधी आमच्याकडे आली. सुभद्रानं दार उघडलं. अपूर्वा एवढंच म्हणाली, "काकू, जुळलं." सुभद्रानं तिला जवळ घेतलं. मी खिडकीशी उभा राहिलो. वीस वर्षांत किती निरोप पोचवले. जिन्याजवळच्या त्या खोलीत हा एक न्यायचा होता. मी म्हटलं, मी येऊ? अपूर्वा म्हणाली, "नको काका. मीच सांगते." आणि गेली. भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. नंतर भांडं पडल्यासारखा आला, आणि मग वहिनींचा.

जुलैत पेटी आली. सील केलेली, उघडायची नाही असं लिहून दिलेलं. पेटी लांब होती, पण उचलणाऱ्यांना कळलं की ती हलकी आहे. दादरच्या स्मशानात सगळी चाळ आली होती, वरच्या मजल्यावरचे, खालचे, समितीचे, लिफ्टच्या कंपनीतले त्याचे मित्र. दीपक काठी टेकत आला आणि मागे उभा राहिला. भन्तेजींनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. सगळ्यांनी मागून म्हटलं, मीही. वहिनींनी पेटीवर हात ठेवला आणि कुठल्या बाजूला डोकं आहे ते विचारलं. कोणाला सांगता येईना. मग त्यांनी मधोमध हात ठेवला आणि तिथेच गाल टेकला.

मागे उभ्या असलेल्या दीपककडे रामदासभाऊंनी एकदा वळून पाहिलं आणि हातानं खूण केली, पुढे ये म्हणून. तो आला. त्याला खांदा देता येण्यासारखा नव्हता, पेटीला हात लावून चालला.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर पाहुणे पांगले. तीन-चार दिवसांनी रामदासभाऊ दुपारचे आमच्याकडे चहाला आले. सुभद्रा वहिनींकडे बसायला गेली होती. आम्ही दोघंच. मी वर्षभर जे बोलायचं ते साठवून ठेवलं होतं, ते तेव्हा बोललो.

"भाऊ, त्या रविवारी मी जे बोललो..."

"कुठल्या?"

"बैठकीच्या. कॅरमवर."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं. पण माहीत नसलं तरी तिथं कोणीतरी होतंच ना. कोणाचं तरी. मला ते सुचलं नाही."

 गॅलरीत कोणाचे तरी कपडे वाळत होते, त्यांचं पाणी ठिबकत होतं.

"खरं सांगू हवालदार? तुम्ही म्हणालात पुढचे वाचत नाहीत, तेव्हाच मला कळलं. त्यानं त्या सोमवारी दुपारीच फोनवर सांगितलं होतं, आज रात्री पुढं जायचंय, छप्पर टाकायला. अपूर्वालासुद्धा मी ते बोललो नाही. तुम्ही दोघं ते व्हिडिओ बघायचात, एकेक पोरगं थांबवून. मला ठाऊक होतं त्यात तो नसणार. पण ती बघत होती तोवर जेवत होती. म्हणून मी बोललो नाही."

 मी म्हटलं, "मला माफ करा, भाऊ."

"माफ बिफ नको," ते म्हणाले. "राग आला होता. अजून आहे. रोज येतो. तुमचा आवाज भिंतीतून आला तरी येतो. पण तुम्ही तिच्यासमोर बसून अर्धा तास सांगितलंत. मला ते जमलं नसतं. दोन्ही आहे. काय करणार?"

त्यांनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला. दाराशी जाऊन चपला सरकवल्या.

"उद्या दीपकच्या पायातल्या सळ्या काढणार आहेत," ते म्हणाले. "सकाळी लवकर जायचंय. येता का?"

मी म्हटलं, येतो.